पत्राच्या शेवटी बसलेला लोभ

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात कोल्हापूरकडच्या आमच्या पेठ वडगावात शिंप्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. आई आम्हा भावंडांना एकेक करून पुढं ढकलायची. शिंपीकाका गळ्यातल्या टेपनं छाती-खांदा मोजून वहीत आकडे मांडायचे आणि आई दर वर्षी तेच सांगायची, "काका, बाजूला दोन बोटं माया ठेवा. पोरगं वाढाय लागलंय." माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. पुढच्या वर्षी शर्ट काखेत आवळायला लागला की आई ब्लेडनं टीप उसवायची आणि आतली माया मोकळी करायची. धुऊन धुऊन फिक्या पडलेल्या निळ्या शर्टाला दोन्ही बाजूंनी एकेक गडद, कोरी पट्टी यायची. वर्गात निम्म्या पोरांच्या अंगावर ती पट्टी दिसायची.

त्याच घरात आजी शेजारणीबद्दल म्हणायची, "लई माया हाय बघ तिची लेकरावर." देवळातले कीर्तनकार सांगायचे की हे सगळं जग माया आहे. आणि बाजारपेठेतल्या एखाद्या व्यापाऱ्याबद्दल वडील आवाज खाली आणून म्हणायचे, बक्कळ माया जमवलीय त्यानं. शिंप्याची, आजीची, वेदांताची आणि तिजोरीतली अशा चार माया एका छपराखाली नांदत होत्या आणि त्यांची कधी गल्लत झाली नाही.

पाचवीत इंग्रजी आलं तेव्हा मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, लव्ह म्हणजे प्रेम. एका शब्दासमोर एक शब्द. पुढं आयुष्यभर मी लोकांना म्हणताना ऐकत आलो की मराठी माणसाला प्रेम व्यक्तच करता येत नाही, आपल्याकडे 'आय लव्ह यू'ला शब्दच नाही, 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हटलं की नाटकातलं वाक्य वाटतं. या तक्रारीत थोडं तथ्य आहे. पण लव्ह हा शब्द कुठून आला, त्याचे भाऊबंद कोण आणि त्यांतला कोणता आपल्या घरात आधीपासून बसलेला आहे, हे पाहिलं की ही तक्रार बरीच उतरते. तो बसलेला भाऊबंद म्हणजे लोभ.

1786 सालच्या फेब्रुवारीत विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढं सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं साम्य योगायोगाचं नाही, त्या एकाच मूळ भाषेच्या लेकी असाव्यात. 1822 साली याकोब ग्रिम यांनी जर्मन-इंग्रजी गटातले ध्वनी कसे नियमानं बदलले ते मांडून दाखवलं. आपल्या 'प'च्या जागी तिकडे 'फ' येतो, म्हणून पितृचा फादर आणि पादचा फूट. आपल्या 'भ'च्या जागी शब्दाच्या सुरुवातीला 'ब' येतो, म्हणून भ्रातृचा ब्रदर. शब्दाच्या पोटात तोच 'भ' घासत घासत 'व्ह' होतो. या हिशेबानं जुन्या इंग्रजीतला 'लुफु', आजचा लव्ह, जर्मनांचा 'लीबे', रशियनांचा 'ल्युबोव्' आणि आपल्या संस्कृतातला 'लुभ्' हे सगळे एका मुळाचे. लॅटिनमध्ये त्याच मुळावर 'लिबिडो' फुटला, जो फ्रॉइडमुळे जगभर गेला. लोभ आणि लव्ह चुलत भाऊ आहेत आणि हे कानाला सारखं ऐकू आलं म्हणून जोडलेलं नातं नाही, ध्वनींच्या नियमांत बसणारं आहे.

चुलत भावांचं म्हणाल तर आमचं गाव ते प्रकरण जवळून जाणतं. सेनापती धनाजी जाधव 1708 साली इथं वडगावातच वारले, त्यांची समाधी गावात आहे. छत्रपतींच्या घरात तेव्हा सातारा आणि कोल्हापूर अशी फूट पडत होती. पुढं 1731 साली शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज, शिवरायांचे दोन नातू, यांच्यात वारणेचा तह झाला. वारणा ही सरहद्द ठरली आणि वडगावचं ठाणं पाडून टाकावं हेही एका कलमात आलं. एक आजोबा, दोन गाद्या. लुभ् या मुळाचंही असंच झालं. एक शाखा उत्तर युरोपच्या थंडीत वाढली आणि तिथली सर्वांत लाडकी भावना झाली. दुसरी आपल्याकडे आली आणि तिला वेगळंच वळण लागलं.

पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात लुभ् दोनदा येतो. एकदा त्याचा अर्थ हाव सुटणे, दुसऱ्यांदा भुरळ पडणे, भान हरपणे. यातून लुब्ध आला, आणि लुब्धक म्हणजे पारधीही आला. संस्कृतानं हावेचा अर्थ उचलून धरला. गीतेच्या सोळाव्या अध्यायात नरकाची तीन दारं सांगितली, काम, क्रोध आणि लोभ. षड्रिपूंच्या यादीत लोभ तिसरा बसला. हिंदीत, गुजरातीत, बंगालीत आजही लोभ म्हटलं की हावच समोर येते. हिंदी भाषक पाहुण्याला तुम्ही प्रेमानं 'लोभ असावा' म्हणालात तर तो गोंधळेल, हे काय मागतायत असं त्याला वाटेल.

मराठीनं मात्र दोन्ही अर्थ ठेवले. लोभी माणूस वाईट, पण 'त्यांचा आमच्या घरावर फार लोभ' हे चांगलं. लोभस बाळ असतं, लोभसवाणं हसू असतं. पेशवाईतली पत्रं चाळली तर सरदार, सावकार, भिक्षुक, सगळ्यांच्या पत्रांच्या शेवटी ठरलेली विनवणी भेटते, लोभ असो दीजे. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें' खंडामागून खंड छापली; त्यांत लढाया, कर्जं, वसुल्या, रुसवे-फुगवे सगळं आहे, आणि एवढं सगळं भांडून झाल्यावरही शेवटी तो लोभ येतोच. इंग्रज माणूस घरच्या पत्राच्या शेवटी, सहीच्या वर, लव्ह लिहितो. मराठी माणूस बरोबर त्याच जागी लोभ लिहीत आला. हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले दोन चुलत भाऊ पत्राच्या एकाच कोपऱ्यात बसलेले सापडतात. या सगळ्या शोधात मला सर्वांत जास्त आनंद या गोष्टीचा झाला.

लोभ कुणाला लिहायचा याचाही एक रिवाज होता. वडीलधाऱ्यांना तीर्थरूप, शिरसाष्टांग नमस्कार; तिथं लोभ मागायचा नाही, आशीर्वाद मागायचा. धाकट्यांना चिरंजीव, अनेक उत्तम आशीर्वाद. लोभ असायचा बरोबरीच्यांत, म्हणजे मित्राला, विहिणीला, साडूला, सोडून गेलेल्या शेजाऱ्याला. 'लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.' आमच्या घरी पितळी कड्यांच्या पेटीत निळसर आंतरदेशीय पत्रांचा एक जुडगा आहे. त्यातलं एक पत्र आईच्या मैत्रिणीचं. लग्न होऊन ती कर्नाटकात निपाणीकडे गेली. मजकुरानं तिन्ही पानं भरली, डिंक लावायच्या घडीवरही तिनं उभ्या ओळी लिहिल्या, जावेची तब्येत, तंबाखूचा भाव, पोराची मुंज. आणि जागा संपली तेव्हा पत्त्याच्या शेजारी, पोस्टाच्या शिक्क्याखाली येईल अशा ठिकाणी, मुंगीएवढ्या अक्षरांत दोनच शब्द, लोभ असावा. बाकी एखादं वाक्य राहिलं असतं तरी चाललं असतं, पण ते दोन शब्द लिहिल्याशिवाय तिला पत्र टाकवलं नाही.

आता फळ्यावर लव्हच्या समोर जो शब्द लिहिला होता, त्या प्रेमाकडे येऊ. प्रेम, प्रिय, प्रीती हे सगळे 'प्री' या धातूचे. ग्रिम यांच्या नियमानं 'प्र'चा 'फ्र' करा. जुन्या इंग्रजीत 'फ्रेओंड' म्हणजे प्रेम करणारा, तोच आजचा फ्रेंड. 'फ्री' हाही त्याच घरातला. आपल्या माणसांतला, जिवाभावाचा, म्हणून गुलाम नसलेला, म्हणून मुक्त, असा त्याचा प्रवास झाला. फ्रिग या देवीच्या नावाचा मूळ अर्थही प्रिया असाच, आणि तिचा वार तो फ्रायडे. रोमनांनी हा वार व्हीनसला दिला होता, आपण शुक्राला दिला; ग्रह तोच. तेव्हा मास्तरांनी फळ्यावर जी जोडी लावली ती अर्थानं बरोबर असली तरी घराण्यानं चुकली. लव्हचा भाऊ लोभ. प्रेमाचा भाऊ फ्रेंड.

बायबलचं भाषांतर करताना मिशनऱ्यांना हा पेच चांगलाच पडला असणार. ग्रीकमध्ये प्रेमाला वेगवेगळे शब्द आहेत, घरच्या मायेला एक, मैत्रीला एक, वासनेला एक आणि निरपेक्ष प्रेमाला 'अगापे'. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात हा शेवटचा शब्द येतो. 1611 च्या राजमान्य इंग्रजी बायबलात तिथं चॅरिटी आहे, पुढच्या भाषांतरांत लव्ह. मराठी बायबलात प्रीती. मिशनरी विल्यम कॅरे यांच्या बंगालातल्या श्रीरामपुराहून 1811 साली मराठी नवा करार निघाला, आणि 1852 पासून कोल्हापुरात वाइल्डर यांचं मिशन उभं राहिलं. तेव्हापासून आमच्या भागातल्या चर्चमध्ये प्रीती हा शब्द रोजच्या प्रार्थनेचा झाला. चॅरिटीचं मूळ लॅटिन 'कारुस', म्हणजे प्रिय, आणि त्याचा आपल्याकडचा नातलग कोण, तर काम. षड्रिपूंतला पहिला. म्हणजे आपण ज्यांना शत्रू म्हणून बोटावर मोजतो त्या सहांतल्या दोघांचे चुलत भाऊ इंग्रजीत दया आणि प्रेम होऊन बसले आहेत. इच्छा ही एकच ओढ. तिला कोणत्या समाजानं कुठं उभं केलं, एवढाच फरक.

इंग्रजीतले मायेचे बाकीचे शब्द झटकन पाहू. 'अफेक्शन' मुळात मनावर झालेला परिणाम; वैद्यकात तो आजारालाही लावतात. 'डिअर' म्हणजे लाडका आणि महागही. मोलाचं ते प्रिय, हे आपल्याला समजावून सांगायला नको. 'बिलीव्ह'मध्ये लव्हचंच मूळ दडलेलं आहे. जे प्रिय मानलं त्यावर भरवसा ठेवला. आपला विश्वास मात्र श्वासातून आला, ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो तो विश्वासाचा. मला आपला अधिक आवडतो. आणि 'फाँड' हा शब्द. तो मध्ययुगीन इंग्रजीत वेड्याला, खुळ्याला लावत. खुळा, मग कुणासाठी तरी खुळावलेला, मग नुसता प्रेम करणारा. आपल्याकडेही आईची माया वेडी असते आणि चांगलं पोर आजीला वेड लावतं. दोन भाषांनी कुणी कुणाचं न पाहता एकच वाट धरली.

टेनिस-बॅडमिंटनमधला लव्ह म्हणजे शून्य, याबद्दल हमखास विचारणा होते. शाळेच्या पटांगणावर चुन्यानं आखलेल्या मैदानात सर 'लव्ह ऑल' म्हणायचे तेव्हा पोरींकडे बघून पोरं हसायची. फ्रेंच भाषेत अंड्याला 'लफ्' म्हणतात, त्यावरून हा शब्द आला असं सांगतात. शून्य अंड्यासारखं दिसतं म्हणून. गोष्ट गोड आहे, पण तिला जुन्या कागदपत्रांचा आधार नाही. पैसे न लावता नुसत्या हौसेखातर खेळणं याला इंग्रजीत 'प्रेमासाठी खेळणं' म्हणत. काहीच न मिळवता खेळणारा, म्हणून त्याच्या नावावर काही नाही, ही उपपत्ती अधिक पटणारी आहे.

आपल्या बाजूला पाहिलं की जाणवतं, मराठीत मायेचे शब्द फार करून शेतातून, गोठ्यातून, चुलीजवळून आले. स्नेह म्हणजे मुळात चिकटपणा, म्हणून तेल-तूप, म्हणून माणसाला माणूस चिकटणं. आयुर्वेदात स्नेहन म्हणजे अंगाला आतून-बाहेरून तेल-तूप देणं. संक्रांतीला तिळात स्नेह आणि गुळात गोडी म्हणून तिळगूळ देतात असं सांगतात, ते स्नेह या शब्दाच्या दोन्ही अर्थांवर उभं आहे. जिव्हाळा म्हणजे जिवाचा गाभा, आणि विहिरीतला जिवंत झराही. विहीर खणताना सुरुंगानं फोडलेला कातळ उपसला आणि खालून पाझर फुटला, की जिवंत पाणी लागलं म्हणतात. आटलेल्या विहिरीत बाहेरून पाणी सोडता येतं. तो जिव्हाळा नव्हे. माणसाबद्दल ओलावा राहिला नाही म्हणतो तेही याच ओळीतलं.

वात्सल्य ऐकायला पुस्तकी वाटतं. पण त्यात वत्स आहे, आणि वत्सरूपातून आलं ते आपलं वासरू. वत्सचं मूळ 'वर्ष' या अर्थाच्या शब्दात. वर्षाचं झालेलं जनावर. कुणाच्याही गोठ्यात पहाटे चारला जाऊन उभं राहा. नुकतीच व्यायलेली गाय खरखरीत जिभेनं वासराचं अंग चाटत असते, वासरू कासेला ढुशी देतं, आणि मग गाय पान्हा सोडते. वासरू दगावलं की ती पान्हा चोरते, आणि गवळी काय काय युक्त्या करतो. कोल्हापूरकडची कितीतरी घरं दुधाच्या पगारावर चालतात. वात्सल्य म्हणजे काय हे तिथं संस्कृत न शिकता कळतं. ममता आणि आपुलकी या दोघींचं सार एकच, माझेपणा. मम म्हणजे माझं, त्यातून ममता. आप हा प्राकृतातून आला आत्मन् पासून. तेव्हा एखाद्याला आपला म्हणणं म्हणजे त्याला स्वतःच्या आत्म्यात धरणं. लळा आणि लाड दोन्ही लालन-पालनातले, मांडीवरच्या लेकराचे.

आणि या शब्दांबरोबर कोणतं क्रियापद येतं पाहा. लळा लागतो. माया लागते. जीव लागतो. जशी भूक लागते, तहान लागते, ऊन लागतं. इंग्रजी वाक्यात 'मी' कर्ता होऊन पुढं उभा असतो, मी प्रेम करतो, म्हणून 'आय लव्ह यू' तीन शब्दांत छातीठोक म्हणता येतं. मराठीत 'मला तू आवडतेस'. कर्ता तू, मी बाजूला. किंवा प्रेम कुणावर तरी असतं, सावलीसारखं. स्वतः करायचं असतं तेव्हा आपण लावतो: जीव लावला, माया लावली. हे वर्षानुवर्षांच्या कामाचं वर्णन आहे. एका संध्याकाळी बागेत उभं राहून म्हणायचं वाक्य नव्हे. म्हणून 'आय लव्ह यू'चं शब्दाला शब्द मराठी अवघडतं. आमच्या वडगावची पोरं 'लव्ह झालंय' म्हणतात. इंग्रजी शब्द घेतला, पण त्याला 'झालं' जोडून मराठीच वळण दिलं, जसा खोकला होतो, सर्दी होते. यात बिघडलं काही नाही.

राहिली माया. वेदांमध्ये माया शब्द वरुणाच्या, इंद्राच्या अद्भुत सामर्थ्याला लावलेला आहे. मग कपट, जादू, भास. शंकराचार्यांच्या अनुयायांनी तिला जगाचा बुरखा केलं. या भव्य शब्दाला मराठीत आईचा अर्थ कसा आला? प्राकृतात आईला 'माआ', 'माया' म्हणत, त्यातूनच आपली माय आली. मला वाटतं, या दोन शब्दांची सावली एकमेकांवर पडली. तत्त्वज्ञ सांगत राहिले की माया सोडा, आणि बायाबापड्यांनी त्याच शब्दात आपली माय ओळखली आणि तो घट्ट धरला. शिंप्याची माया त्यातूनच निघाली असं सिद्ध करता येणार नाही, पण आत दडवून ठेवलेलं, पोर वाढेल तेव्हा कामी येणारं ते दोन बोटं कापड आणि आजीची माया यांत मला कधी फार अंतर दिसलं नाही.

आता कपडे शिवून घेणारे थोडे राहिले. तयार शर्टात माया नसते, लहान झाला की तो टाकायचा. पत्रं तर संपलीच. मोबाइलवर लाल बदाम पाठवला की झालं, आणि गावोगावच्या चौकात त्याच बदामाचे 'आय लव्ह' लिहिलेले फलक उभे आहेत. मिल्टन ग्लेझर यांनी 1976 साली न्यूयॉर्क राज्यासाठी काढलेल्या चित्राची ती नातवंडं. लाल बदामावर माझा राग नाही. पण लोभ हा शब्द चांगल्या अर्थानं वापरायची सवय मोडली, तर मराठीतही तो फक्त हाव उरेल, हिंदीत उरला तसा, आणि लव्हचा आपल्या घरातला सख्खा चुलत भाऊ आपणच बाहेर काढलेला असेल. शब्दकोशात अर्थ छापलेला राहतो. तोंडातून गेला की मात्र तो परत येत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत जुन्या पत्रांची पिशवी रद्दीवाल्याला द्यायच्या आधी, प्रत्येक पत्राची शेवटची ओळ तेवढी वाचा. कुणी कुणाला लोभ लिहिला, कुणी आशीर्वाद, कुणी नुसतं 'कळावे', हे एका वहीत उतरवून घ्या. आणि निपाणीला, नाशकाला, न्यू जर्सीला असलेल्या ज्या मैत्रिणीला किंवा मित्राला पुढचा निरोप पाठवणार असाल, त्याच्या खाली लोभ असावा असं लिहा. अर्थ विचारला तर सांगा.